लघवीतील प्रथिने आणि कर्करोगाचे निदान
(शनिवार पेठ, पुणे येथील व्याख्यान)



धम्माच्या सभेत लघवीचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. ही लाजच माणसाचा घात करते, म्हणून आम्ही हा विषय घेतला.

१८४५ साली लंडनच्या डॉ. हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे एका रुग्णाची लघवी तपासणीस आली. तीत निराळेच प्रथिन होते. ते मंद तापविले की साकळते, उकळले की विरघळते. अस्थिमज्जेच्या कर्करोगाची ती खूण ठरली. शोधण्याच्या पद्धती सुधारल्या, खूण तीच आहे. ना सुई, ना चिरफाड!

मूत्राशयाच्या कर्करोगासाठी ‘एनएमपी-२२’ या प्रथिनाची चाचणी निघाली. १९९६ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. परंतु मुतखडा किंवा जंतुसंसर्ग असला तरी ती फसवू शकते. म्हणून दुर्बिणीची तपासणी अजून टळलेली नाही.

धम्म ‘एहिपस्सिको’ आहे. या आणि स्वतः पारखा, असे तो सांगतो. चाचणीलाही आम्ही तोच न्याय लावतो. विडी-सिगारेट सोडा. लघवीतून एकदाच रक्त गेले, दुखले नाही, तरी अंगावर काढू नका. डॉक्टरांना दाखवा.

जयभीम! नमो बुद्धाय!