पोटाचा ताप आणि गोचिडीचा चावा
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत झालेले भाषण)



उत्सवात आजारपणाचा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण आपल्या बेळगावातल्या बऱ्याच घरांची मुळं खानापूर, जांबोटी, कणकुंबी या भागात आहेत. तिथली आपली माणसं दिवाळीनंतर लाकूडफाट्याला, शेणखताच्या पाल्याला रानात जातात आणि फेब्रुवारीपासून काजूच्या हंगामाला गोव्यात उतरतात. हंगाम सुरू झाल्यावर सांगून उपयोग नाही, म्हणून आजच बोलतो.

आम्ही सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासणारी माणसं. डॉक्टर नाही. औषध सांगणं आमचं काम नव्हे. पण कोणतं रक्त कधी आलं आणि कधी यायला हवं होतं, हे आम्हाला रोज दिसतं.

माकडताप हे नाव आपण ऐकलेलं आहे. कन्नडमध्ये याला 'मंगन कायिले' म्हणतात. १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली आणि माणसंही तापानं आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं, त्यातला विषाणू शोधला. पुढे बरीच वर्षं हा आजार कर्नाटकातल्या मलनाडापुरता आहे असं समजलं जाई. मग २०१५ च्या सुमारास गोव्यातल्या सत्तरीत आणि त्यानंतर सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात रुग्ण सापडले. गोव्यात काजूच्या कामाला गेलेल्या खानापूर तालुक्यातल्या मजुरांतही तो आढळला. तेव्हा हा आजार आता आपल्या अंगणातला आहे.

तो माणसापासून माणसाला होत नाही. रानातली बारीक गोचीड चावली की होतो. जनावराच्या कानात दिसते तेवढी मोठी ती नसते. तिची पिल्लावस्था तिळाएवढी असते आणि ती पालापाचोळ्यात दबून बसते. चावल्याचं बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. म्हणून 'गोचीड चावली नाही' या उत्तरावर आजार नाही असं ठरवता येत नाही. 'रानात गेला होतात का?' असंच विचारायला हवं.

आता पोटाकडे येऊ. चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांनी एकदम थंडी वाजून ताप चढतो, डोकं फुटायला येतं, कंबर-पाय मोडून येतात. त्याबरोबर उलट्या, जुलाब, पोटदुखी. घरचे म्हणतात, बाहेरचं पाणी बाधलं. इथंच वाट चुकते.

एक उदाहरण सांगतो, नाव-गाव न सांगता. काजूवरून परत आलेला एक तरुण ताप आणि उलट्यांनी आजारी पडला. जवळच्या एका खाजगी दवाखान्यात सलाईन लागलं, विडाल तपासणी झाली, ती 'पॉझिटिव्ह' आली आणि टायफॉईडची इंजेक्शनं सुरू झाली. सहा दिवसांनी हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी विचारलं, 'बाळा, कामाला कुठं गेला होतास?' त्या एका प्रश्नामुळे नमुना पुढे गेला आणि माकडताप निघाला. पोरगा वाचला, पण दीड महिना उठून काम करता आलं नाही. त्याच टोळीतले दोघे तापानं घरीच पडून होते. त्यांचा शोध मग लागला.

विडालबद्दल आपला समज दुरुस्त करायला हवा. पूर्वी होऊन गेलेल्या टायफॉईडमुळे किंवा दुसऱ्याच आजारामुळेही ती 'पॉझिटिव्ह' येऊ शकते. एकट्या विडालवर टायफॉईड पक्का होत नाही. त्यासाठी प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर करणं चांगलं. तसंच प्लेटलेट कमी झाल्या म्हणजे डेंग्यूच, असंही नाही. माकडतापातही प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी कमी होतात.

माकडतापाची खरी तपासणी वेगळी. पहिल्या आठवड्यात पीसीआर, त्यानंतर आयजीएम एलायझा. नमुना थंड ठेवून ठराविक प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो. गल्लीतल्या लॅबमध्ये ती होत नाही. वाट प्राथमिक आरोग्य केंद्रातून जाते. म्हणून ताप कितवा दिवस आहे हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. नमुन्यासोबतच्या कागदावर ती तारीख नसली तर निकालाचा अर्थ लावणं कठीण जातं.

कुणी म्हणेल, यावर खास औषधच नाही, मग तपासून काय करायचं? तीन गोष्टी साधतात. एक, रक्तस्रावावर आणि रक्तदाबावर वेळीच लक्ष राहतं. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळल्या जातात. दोन, काही रुग्णांत ताप उतरून एक-दोन आठवड्यांनी परत येतो, मान ताठरते, भ्रम होतो. घरच्यांना हे आधी माहीत असलं तर ते धावपळ करतात. तीन, गावाला सावध करता येतं. शंभरांत तीन ते पाच रुग्ण दगावतात असा हा आजार आहे.

शिवाय गोचीड चावून होणारा दुसराही ताप आहे, टिक टायफस. आणि पावसाळ्यानंतर, म्हणजे याच दिवसांत, बारीक किडीच्या पिल्लांमुळे होणारा स्क्रब टायफस. त्यातही पोट दुखतं, उलट्या होतात. या दोन्हींवर डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध आहे, पण ते वेळेत सुरू व्हायला हवं. काख, जांघ, कमरपट्ट्याखाली विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली आहे का, हे घरी पाहून डॉक्टरांना दाखवा. याला पैसा लागत नाही.

आता काळजीच्या गोष्टी. रानात जाताना अंगभर कपडे, पायात बूट-मोजे, आणि आरोग्य खात्याकडून मिळणारं तेल लावा. आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ, कपडे गरम पाण्यात. गोचीड दिसली तर रॉकेल, चुना, काडी लावू नका. बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, बोटानं चिरडू नका.

एक नाजूक गोष्टही सांगतो. माकड मेलं की आपण हनुमान मानून हळद-कुंकू वाहून त्याला माती देतो. भावना मोठी आहे. पण मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरून पसरतात. हात लावू नका, पंचायतीला आणि वनखात्याला लगेच कळवा, नमस्कार लांबून करा. मारुतीराया रागावणार नाही.

आणि दवाखान्यात जाल तेव्हा डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. आपणहून सांगा: 'डॉक्टर, आमचा माणूस अमुक दिवशी रानातून आला, तापाचा आज तिसरा दिवस, माकडतापाचा आणि टायफसचा नमुना घेता येईल का?' अदबीनं विचारलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही. गावाकडे फोन कराल तेव्हा हे एक वाक्य त्यांनाही पाठ करायला लावा.