निंबोळीचा अर्क आणि बाटलीतलं औषध



आषाढ लागला की आपल्या बीडमधल्या गेवराई-माजलगावकडं बांधाबांधावर निंबोळ्यांचा सडा पडतो. कृषी सेवा केंद्रात जावं, तर त्याच निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन 'पंधराशे पीपीएम' म्हणून बाटलीत मिळतं. मग कपाशीला घरचा अर्क मारावा की बाटली आणावी?

अझाडिरॅक्टिन १९६८ साली इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी निंबोळीतून वेगळं काढलं. त्यानं किडीचं खाणं सुटतं, कात टाकणं बिघडतं. पण निंबोळीत ते एकटं नसतं. सलानिन, निंबिन असे भाऊबंद सोबत असतात. त्यांचा उपयोग काय, ते कॅनडातल्या फेंग आणि इसमन यांच्या प्रयोगात दिसलं. त्यांनी माव्याच्या एका गटाला शुद्ध अझाडिरॅक्टिन दिलं, दुसऱ्याला तेवढंच अझाडिरॅक्टिन असलेला निंबोळीचा अर्क. ४० पिढ्यांनंतर शुद्धवाला मावा नऊपट निबर झाला. अर्कवाला होता तसाच राहिला! हे १९९५ साली छापून आलं.

म्हणून घरचं ते सगळं चांगलं, असं मात्र नव्हे. ओल्या पोत्यात बुरशी धरलेल्या निंबोळीचा अर्क म्हणजे नुसतं गढूळ पाणी. बाटलीवर निदान आकडा तरी असतो. आणि घरचं म्हणजे सौम्य, हे तर मला मुळीच पटत नाही.  आपल्या सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी केसांना लावतात, अन् ती डोळ्यात गेली की बुबुळावरचा पडदा सोलवटतो.

हंगामाच्या सुरुवातीच्या मावा-तुडतुड्यांना मी तरी ताज्या निंबोळीचा पाच टक्के अर्कच सांगेन. निंबोळी जुनी असली तर बाटली बरी. सावलीत वाळवलेल्या ५ किलो निंबोळ्या भरडून ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्यानं पिळून गाळा, १ लिटर पाण्यात विरघळवलेला २०० ग्रॅम साबण घाला अन् एकूण १०० लिटर करा. फवारणी त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर करा, कारण उन्हात अझाडिरॅक्टिन टिकत नाही. दुसऱ्या दिवशी मावा जिवंत दिसला म्हणून लगेच पंप खांद्यावर घेऊ नका. चार-पाच दिवस जाऊ द्या, मग पानं उलटून पिल्लं वाढलीत का ते बघा.