अब्बांचा रिपोर्ट आणि आपल्या सर्वांची अमानत

(शिरपूर जैन येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दोस्तांनो आणि बहिणींनो, मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. तरीही आज औषधांवर बोलायला उभा आहे, त्याचं कारण अब्बांचा एक रिपोर्ट.

दोन वर्षांपूर्वी अब्बांना लघवीचं इन्फेक्शन झालं. ताप उतरेना. डॉक्टरांनी कल्चर टेस्ट करायला सांगितली. या तपासणीत जंतू वाढवतात आणि त्यांच्यावर एकेक अँटिबायोटिक लावून पाहतात. औषध लागू पडलं तर नावापुढे 'एस' लिहितात, नाही पडलं तर 'आर'. अब्बांच्या कागदावर वरून खाली 'आर', 'आर', 'आर'. फक्त दोन 'एस', आणि तीही इंजेक्शनं. अकोल्याला आठ दिवस दाखल करावं लागलं. अल्हम्दुलिल्लाह, बरे झाले.

घरी येऊन मी औषधांचा डबा उघडला. त्यात अर्धवट पट्ट्या होत्या. दोन गोळ्या खाल्लेल्या, तीन उरलेल्या. सर्दी झाली, घसा दुखला, अंगात कसर वाटली की मेडिकलवरून अँटिबायोटिक आणायचं आणि बरं वाटलं की सोडून द्यायचं. त्यातल्या निम्म्या गोळ्यांची नावं मीच पुण्याहून फोनवर सांगितली होती, इंटरनेटवर पाहून. मुलगा इंजिनिअर आहे, त्याला कळतं, असा अब्बांचा विश्वास होता.

आता हे घडतं कसं? आपण वऱ्हाडातली माणसं, कपाशी पाहिलेली. 2002 मध्ये बीटी कापूस आला, तेव्हा वाटलं बोंडअळीचा विषय संपला. पण त्या विषाला पुरून उरणाऱ्या थोड्या अळ्या जगल्या, त्यांचीच पैदास वाढली, आणि 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं विदर्भातल्या शेतकऱ्याला रडवलं. जंतूंचंही असंच होतं. औषध शरीराला नव्हे, जंतूंना सवयीचं होतं. ते तग धरायला शिकतात आणि ती विद्या दुसऱ्या जंतूंनाही देतात. माझ्या पोटात तयार झालेला असा जंतू माझ्या आजारी आजीपर्यंत, शेजारच्या बाळंतिणीपर्यंत पोहोचू शकतो.

म्हणूनच अँटिबायोटिकला मी अमानत म्हणतो. ब्लडप्रेशरची गोळी मी चुकीची खाल्ली तर नुकसान माझं. अँटिबायोटिक चुकीचं खाल्लं तर नुकसान सगळ्या गावाचं.

हे दूरचं संकट नाही. 2011 च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी असे टीबीचे रुग्ण जगासमोर मांडले, ज्यांच्या जंतूंनी तपासलेल्या एकाही औषधाला दाद दिली नव्हती. 'लॅन्सेट'मधील अभ्यासाच्या अंदाजानुसार 2019 या एका वर्षात औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगभरात सुमारे 12.7 लाख लोक दगावले. आपल्याकडे कायदा आहे. मार्च 2014 पासून सेफिक्झिमसारखी अनेक अँटिबायोटिक्स 'शेड्यूल एच-वन'मध्ये आहेत. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद ठेवावी लागते. पट्टीवरची उभी लाल रेघ त्याचीच खूण. पण आपणच "भाऊ, काही पावरफुल द्या" म्हणत उभे राहिलो तर रेघ काय करणार?

दुसरं नुकसान पोटाचं. आपल्या आतड्यात कोट्यवधी उपयोगी जंतू असतात. ते भाजी-धान्याचा चोथा पचवतात, वाईट जंतूंना जागा मिळू देत नाहीत. अँटिबायोटिक चांगला-वाईट असा फरक करत नाही. आमच्या धंद्यातलं सांगायचं तर, अट न लिहिता डिलीटची कमांड चालवल्यासारखं होतं. म्हणून कोर्स सुरू असताना अनेकांना जुलाब लागतात.

मग लोक म्हणतात, प्रोबायोटिकचं पाऊच घेतलं की झालं. इथं सावध राहा. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळायला काही प्रोबायोटिक्स उपयोगी पडतात, याचे पुरावे आहेत. पण प्रत्येक पाऊचमधला जंतू वेगळा, काम वेगळं. 2018 मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांच्या एका छोट्या अभ्यासात तर असं दिसलं की, अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळचे जंतू परत यायला जास्त वेळ लागला. प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्या रुग्णाला ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नये. आणि औषधाला न जुमानणारा जंतू पाऊचनं पुन्हा साधा होत नाही.

घरचं दही, ताक जरूर घ्या. कढी उकळली की त्यातले जंतू मरतात, एवढं ध्यानात असू द्या. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी गोळी मात्र दूध-दह्यासोबत घेऊ नका, तिचा असर कमी होतो. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी हे पोटातल्या जंतूंचं खरं खाणं. ते आपल्या घरात आहेच.

रमजानबद्दल एक गोष्ट. दिवसातून तीन वेळा लिहिलेली गोळी आपण स्वतःच सहेरी आणि इफ्तारवर आणतो. तसं करू नका. रोजा ठेवायचा आहे, असं डॉक्टरांना आधीच सांगा. एक किंवा दोन वेळा घ्यायचं औषध चालणार असेल तर ते देतील. नसेल तर आजारी माणसाला दीनने सवलत दिली आहे, रोजा नंतर पूर्ण करता येतो.

शेवटी काम सांगतो. आज घरी जा आणि डबा उघडा. उरलेली अँटिबायोटिक्स पुढच्या तापासाठी जपू नका, कुणाला देऊ नका. साधी सर्दी, फ्लू हे व्हायरसमुळे होतात, तिथं अँटिबायोटिकचा उपयोग नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: हे अँटिबायोटिक आहे का? खरंच गरज आहे का? किती दिवस घ्यायचं? सांगितले तेवढे दिवस घ्या, मनानं थांबवू नका.

तुमच्यातले बरेच जण घरात सर्वांत जास्त शिकलेले आहात. अब्बा-अम्मी फोन करून तुम्हालाच गोळीचं नाव विचारतील. मी नाव सांगितलं होतं. तुम्ही "आधी डॉक्टरला दाखवू" एवढंच सांगा.