गळ्यातलं कार्ड कुणाच्या सोयीचं?

टेमघरच्या बचत गटाकडून आम्ही बोलतोय. आपल्या भिवंडीत यंत्रमाग आणि गोदामं भरपूर. तिथे कामाला जाणाऱ्या बायका आपल्याच घरातल्या. म्हणून गटाने कामगारांची ओळखपत्रं बनवायचं काम घेतलं.

पहिल्याच ऑर्डरला आम्ही चुकलो. एका गोदामासाठी कार्डं केली. पुढच्या बाजूला फोटो, नाव आणि खाली मोबाइल नंबर. कार्ड दिसायला छान झालं. आठ दिवसांनी एक ताई आली. म्हणाली, "गेटवरचे ड्रायव्हर नंबर वाचून रात्री फोन करतात. मी कार्ड पदराखाली झाकते." ओळख दाखवायचं कार्ड, तेच तिला लपवावं लागलं! आम्ही सगळी कार्डं गटाच्या पैशाने पुन्हा केली. नफा गेला, शहाणपण आलं.

आता पुढच्या बाजूला कंपनीचं नाव, फोटो, मोठ्या मराठी अक्षरात बाईचं नाव, काम आणि कार्ड नंबर, एवढंच. मागे ऑफिसचा फोन, म्हणजे हरवलेलं कार्ड परत येतं. घरचा नंबर तिने हो म्हटलं तरच, नाहीतर तो ऑफिसच्या वहीत. रक्तगट तपासणीचा कागद बघूनच. आधार नंबर छापायचा नाही.

मालक म्हणतात, तारीख-सही कशाला? आम्ही आग्रह धरतो. कामावर लागल्याची तारीख, मालकाची सही, शिक्का हवाच. ठेकेदारामार्फत काम असेल तर त्याचंही नाव. पगार अडला किंवा अपघात झाला, तर 'मी इथेच कामाला होते' हे दाखवायला तेवढाच कागद हातात असतो. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही कामगाराला ओळखपत्र द्यायचं सांगितलंय. ती मालकाची मेहेरबानी नव्हे.

मागावर काम करणाऱ्यांना गळ्यातली दोरी देऊ नका. फिरत्या पट्ट्यात ओढणी अडकते, तशी दोरीही अडकेल. तिथे खिशाला लावायची क्लिप बरी. इतरांना ओढल्यावर सुटणारी दोरी द्या.

हे काम सुरू करायचं असेल तर माप लक्षात ठेवा: एटीएम कार्डाएवढं, साधारण 86 बाय 54 मिलिमीटर. बाजारातलं कव्हर नीट बसतं. छापण्याआधी कच्चा कागद ज्या बाईचं कार्ड आहे तिच्याच हातात द्या. तिला वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवा. नाव बँकेच्या पासबुकाशी जुळवा, मग तिची सही किंवा अंगठा घ्या. प्लास्टिकवर छापलेली चूक खोडता येत नाही.

पैसे मालक देतो, पण कार्ड दिवसभर अंगावर वागवते ती बाई. तेव्हा आधी तिला विचारा.