दोन सदरे

अ‍ॅनी प्रू ह्या अमेरिकन लेखिकेची ‘ब्रोकबॅक माउंटन’ ही १९९७ सालीं प्रसिद्ध झालेली लघुकथा नुकतीच माझ्या वाचनांत आली. १९६३ च्या उन्हाळ्यांत वायोमिंगच्या डोंगरावर मेंढ्या राखावयास गेलेले एनिस आणि जॅक हे दोन गरीब तरुण एकमेकांवर प्रेम करूं लागतात. पुढें दोघांचींही लग्नें होतात. तरी वीस वर्षें तें प्रेम अधूनमधून चोरून होणाऱ्या भेटींवर जगतें. जॅकच्या मृत्यूनंतर एनिस त्याच्या आईबापांच्या घरीं जातो. तेथें त्याला जॅकचा जुना सदरा सांपडतो, आणि त्याच्या आंत, बाह्यांत बाह्या घातलेला, स्वतःचा हरवलेला सदरा!

येथें मीं पुस्तक मिटलें. छत्तीस वर्षें मुलांना करुणरस शिकविला; पण अशा प्रेमाचा विषय निघाला कीं मी हंसून टाळीत असें. तें हंसणें ऐकून वर्गांतील एखादा मुलगा मान खालीं घालून बसला असेल काय? दोन सज्ञान व्यक्तींचें परस्परसंमतीचें असें प्रेम गुन्हा नव्हे, असा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं दिला. न्यायालयानें आपलें काम केलें. आमच्या हंसण्याचा निकाल मात्र आम्हांसच लावावयाचा आहे.