अतिथी आणि तिथी

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी, अशी या शब्दाची फोड आपल्याकडे सांगतात. मनुस्मृतीने तर एक रात्र राहणाऱ्यालाच अतिथी म्हटले आहे.

हे आठवण्यास कारण माझी भाची. स्पर्धा-परीक्षेच्या अभ्यासासाठी ती इंदुरात भंवरकुव्याजवळ एका मैत्रिणीसमवेत खोली घेऊन राहते. मैत्रिणीचा मित्र प्रथम शनिवारी येई. पुढे आठवड्यातल्या चार-पाच रात्री त्याचा मुक्काम तेथेच पडू लागला. भाडे दोघींनी द्यावयाचे आणि बिऱ्हाड तिघांचे! जलूदहून उपसून आणलेले नर्मदेचे पाणी नळास एक दिवसाआड येणार. टाकी सकाळीच रिती होई, आणि रात्री भाची जिन्यात बसून पुस्तक वाची.

"मावशी, घरमालकांना सांगून टाकू का?" तिने विचारले. मी नको म्हटले. मालक बोट दाखविणार ते प्रथम मुलींकडेच. शिवाय सज्ञान स्त्रीपुरुषांनी विवाहाविना एकत्र राहणे हा गुन्हा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 सालीच म्हटले आहे. त्यांच्या प्रेमाचा न्याय हिने कशाला करावा? हिची तक्रार झोपेची, पाण्याची आणि स्नानगृहाच्या कडीची. ती मैत्रिणीलाच, तो तेथे नसताना सांगावयाची. आणि "फार वेळा" असे मोघम न म्हणता, रात्री मोजून.

तिने तसे केले. मैत्रीण चार दिवस बोलली नाही. मग शनिवारची एक रात्र ठरली, विजेच्या बिलाचे तीन वाटे झाले. परवा बुधवारी तो पुन्हा आला होता म्हणे. पण या खेपेस जिन्यात ती दोघे बसली, आणि दहाच्या सुमारास तो निघून गेला.