जुन्या मोटारीचें प्रगतिपुस्तक

जुन्या वस्तूंची हौस माणसाला पूर्वापार आहे. कोणी जुनीं नाणीं जमवितो, कोणी घड्याळें. ज्यांना ऐपत आणि जागा आहे ते जुन्या मोटारी घेतात. पण नाणें खोटें निघालें तर फार तर पैसे बुडतात. मोटार खोटी निघाली तर तींत बसलेल्यांचे आणि रस्त्यानें चाललेल्या परक्याचेही प्राण पणाला लागतात. म्हणून जुनी मोटार घेणाऱ्यानें तिच्या रंगरूपावर भुलण्यापूर्वीं तिचें पूर्वचरित्र वाचावें. असें चरित्र लिहून ठेवण्याची पद्धत ब्रिटनमध्यें चांगली रुळलेली आहे. तें कसें वाचावें, आणि त्यावर कितपत विसंबावें, हाच आजच्या भाषणाचा विषय.

१९६० सालीं अर्नेस्ट मार्पल्स हे परिवहनमंत्री असतांना दहा वर्षांहून जुन्या मोटारींची सक्तीची तपासणी तेथें सुरू झाली. परिवहन मंत्रालयाच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘एम्. ओ. टी.’ म्हणतात. प्रारंभीं ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग एवढेंच पाहत. परंतु नापास गाड्या इतक्या निघाल्या कीं, १९६१ सालीं वयाची मर्यादा सात वर्षांवर आणावी लागली, आणि १९६७ सालीं ती तीन वर्षें झाली. १९७७ पासून सांगाड्याची व पत्र्याची स्थितीही पाहूं लागले. २००५ सालापासून ह्या नोंदी संगणकावर होऊं लागल्या. आज गाडीचा नोंदणीक्रमांक ठाऊक असलेल्या कोणालाही सरकारी संकेतस्थळावर त्या विनामूल्य वाचतां येतात.

ह्या नोंदींत गाडी उत्तीर्ण झाली कीं नाहीं, नापास झाली तर कशामुळें, आणि त्या दिवशीं मैलांचा आंकडा काय होता, हें सर्व असतें. शिवाय उत्तीर्ण गाडीलाही परीक्षक सूचना देतो: अमुक भागाला गंज चढूं लागला आहे, तमुक नळी झिजत चालली आहे. सुज्ञ ग्राहक ह्या सूचना आधीं वाचतो. मुलाची योग्यता एका परीक्षेच्या गुणांवरून कळत नाहीं, वर्षानुवर्षांच्या शेऱ्यांवरून कळते. मोटारीचेंही तसेंच आहे. एखाद्या वर्षीं नापास होऊन लगेच दुरुस्त झालेली गाडी वाईट समजूं नये. तिचा धनी जागा होता, एवढेंच त्यावरून दिसतें. उलट, गंजाची तीच सूचना तीन वर्षें लागोपाठ आली आणि चौथ्या वर्षीं एकाएकीं नाहींशी झाली, तर तेथें थांबावें. तो भाग कापून नवा पत्रा जोडला, कीं वर काळा डांबरी लेप फासला? पहिलें झालें असेल तर कारखान्याचें बिल असेल. बिल नसेल तर दुसऱ्याचा संशय धरावा.

मैलांचा आंकडाही बोलका असतो. तो मागें गेला असेल तर मापक बदललें गेलें किंवा फिरविलें गेलें. पुष्कळ जुन्या गाड्यांचें मापक पांच आंकडी असल्यामुळें लाखाच्या घरांत तें पुन्हां शून्यावर येतें, हेंही ध्यानांत ठेवावें. आंकडा वर्षानुवर्षें जवळजवळ तोच राहिला असेल तर ग्राहकानें हर्ष मानूं नये. उभ्या राहिलेल्या मोटारीचीं रबरें वाळतात, ब्रेकचे भाग अडकून बसतात, टांकींत गंज धरतो.

तथापि दाखला हा एका दिवसाचा साक्षीदार आहे. इंजिन, क्लच आणि गिअरपेटी यांची अंतर्गत स्थिति ह्या तपासणींत पाहतच नाहींत. आणि परीक्षकाला गाडीचे भाग खोलून पाहण्याची मुभा नसते. गालिच्याखालचा सडका पत्रा त्याच्या दृष्टीआड राहूं शकतो.

उदाहरणार्थ, मॉरिस मायनर ही गाडी घ्यावी. ॲलेक इसिगोनिस यांनीं आंखलेली ही मोटार १९४८ सालीं लंडनच्या प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली, आणि दहा लाखांचा टप्पा गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार ठरली. तिला निराळा सांगाडा नाहीं. पत्र्याचा घाट हाच तिचा सांगाडा. म्हणून दारांखालच्या पट्ट्या, तळाची आडवी तुळई आणि मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा जेथें जोडल्या आहेत त्या जागा सडल्या, तर गाडीचा कणाच मोडला म्हणावयाचा. ट्रॅव्हलर नांवाच्या प्रकारांत मागची लांकडी चौकट शोभेसाठीं नसून भार वाहण्यासाठीं आहे; तें लांकूड कुजलें तर खर्च फार येतो. पुढच्या चाकांच्या खालच्या सांध्यांना नियमित वंगण न मिळाल्यास आटे झिजतात, आणि चालतां चालतां चाक आडवें पडतें. रंग मात्र तोंवर आरशासारखा चकाकत असतो. दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें.

आतां खरी अडचण पाहा. २०१२ च्या नोव्हेंबरांत १९६० पूर्वींच्या मोटारींना, आणि २० मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या व फारसा फेरफार न झालेल्या मोटारींना ही तपासणी माफ झाली. मायनर मोटारींचें उत्पादन १९७० नंतर लवकरच थांबलें. म्हणजे संगणकावरची नोंद सुरू झाली तेव्हां त्या तिशी उलटून गेल्या होत्या, आणि म्हातारपणाचे रोग बळावण्याच्या सुमारास सक्तीची नोंद बंद पडली. ह्या शांततेचा अर्थ प्रकृति उत्तम असा होत नाहीं. माफी मिळाली तरी गाडी सुरक्षित राखण्याची कायदेशीर जबाबदारी धन्यावरच असते. सूट असलेली गाडीही स्वेच्छेनें तपासून घेतां येते. विक्रेत्यानें ती अलीकडे तपासून घेतली असेल तर त्याच्या बोलण्याला वजन येतें. ग्राहकाच्या विनंतीवरूनही तो कां कूं करूं लागला, तर तेंही उत्तरच समजावें.

आपल्याकडे खाजगी मोटारीची नोंदणी प्रथम पंधरा वर्षांची असते. पुढें योग्यतेची तपासणी होऊन ती पांच पांच वर्षांनीं वाढते. ब्रिटनसारखी वर्षावर्षाची शेऱ्यांची वही येथें मिळत नाहीं. म्हणून जुनी फियाट किंवा ॲम्बॅसेडर घेणाऱ्यानें ती वही स्वतःच जुळवावी: नोंदणीपत्र, विम्याचे कागद, कारखान्याचीं बिलें, पूर्वींच्या धन्यांचें सांगणें. चासी व इंजिन यांचे क्रमांक कागदाशीं ताडावे. मग विक्रेत्याचा नव्हे, आपला मिस्त्री नेऊन गाडी वर उचलावी, गालिचा काढावा, तळाला टोंचून पाहावें. इंजिन रात्रभर थंड ठेवून सकाळीं आपल्यासमोर सुरू करण्यास सांगावें. आधींच तापविलेलें इंजिन आपले दोष झांकतें.

कागद बोलतो तें पत्र्यानें खरें करावें, आणि पत्रा दाखवितो तें कागदानें समजावून द्यावें. दोघांची साक्ष जुळली तरच सौदा करावा. न जुळल्यास, गाडी कितीही मोहक असो, नमस्कार करून परत यावें. पुढच्या प्रवासांत घरचीं मुलेंबाळें त्याच गाडींत बसणार आहेत, एवढें स्मरलें कीं परत फिरणें जड जात नाहीं.